कोपऱ्यातल्या गृहस्थाची सही

गारखेडा,
रविवार, दुपारच्या चहाआधी

तीर्थस्वरूप नाना यांस,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. (कंबरेमुळं तो उभ्याउभ्याच घातला आहे, पण आठही अंगं मनानं जमिनीला टेकली आहेत असं समजावं.) डोळा कसा आहे? थेंब वेळेवर घालतोस ना? काळा चष्मा लावून तू ओट्यावर बसतोस आणि येणाराजाणारा तुला नव्या जावयासारखा मान देतो, असं सरूवहिनी सांगत होत्या. तो मान चष्म्याबरोबर जाणार आहे, तोवर उपभोगून घे. सध्या तुला वाचायची मनाई आहे आणि आलेली पत्रं वहिनीच मोठ्यानं वाचून दाखवतात, हे मला माहीत आहे. तेव्हा वहिनी, तुम्हांलाही नमस्कार. गुडघे काय म्हणतात? पत्र जरा लांब आहे, पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बसा. आणि कंसातला मजकूरही वाचा. तो तुम्ही गाळता, असं नानानं मला सांगितलं आहे.

मी फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर तू प्रत्येक वाक्याला "व्हय, व्हय" म्हणतोस आणि शेवटी "बरं, कोण बोलतंय?" असं विचारतोस. शिवाय हे आभाराचं पत्र आहे आणि आभार कागदावरच मानायचे असतात. आमच्या छावणीतल्या शाळेत सिस्टर बर्नडेट ते शिकवायच्या. आधी वस्तूचं नाव, मग वस्तूचा उपयोग, मग पूर्णविराम. आभाराच्या पत्रात तक्रार करायची नाही, हा त्यांचा कडक नियम. तो पाळायचा मी प्रयत्न करणार आहे, पण सिस्टर स्वर्गात आहेत आणि कागद माझ्यासमोर आहे. (वडिलांनी मला मिशनच्या शाळेत घातलं आणि तुला सरकारी शाळेत, हे तू अजून काढतोस. त्या शाळेनं मला काय दिलं? उभं राहून शिंकायला शिकवलं. तुझं काही गेलेलं नाही.)

तर वस्तूचं नाव: कॅमेरा. जायकवाडीच्या पाण्यावर रोहित पक्षी येतात त्यांचे फोटो काढायला म्हणून तू तो हौसेनं घेतलास, आणि मोतीबिंदूमुळं तुला रोहित पक्ष्यांच्या जागी गुलाबी धूर दिसायला लागला तेव्हा भाऊबीजेला माझ्या ताटात ठेवलास. पैठणात राहणाऱ्या भावानं बहिणीला पैठणी न देता वापरलेला कॅमेरा द्यावा, ह्यावर मी तेव्हा जे काही बोलले ते सगळं मी आज परत घेते. (वहिनी, हे वाक्य दोनदा वाचा. पुन्हा मिळणार नाही.) निवृत्त झाल्यापासून मी दूधवाल्याशी, सोसायटीच्या चेअरमनशी आणि समोरच्या मंगल कार्यालयाच्या बँडशी भांडत होते, आणि तिन्ही आघाड्यांवर माघार घ्यायची वेळ आली होती. तू म्हणालास, "आवडे, डोळ्यांना काम दे, तोंडाला जरा सुट्टी मिळंल." डोळ्यांना काम मिळालं. तोंडाची सुट्टी अजून मंजूर झालेली नाही. पण सकाळी उठून कुठं तरी जायचं आहे, काही तरी बघायचं आहे, हे मला तुझ्यामुळं पुन्हा मिळालं. त्याची परतफेड नाही.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते ऐक. सरकारी दवाखान्याच्या एक्स-रे विभागात मी उभी हयात घालवली. म्हणजे आयुष्यभर मी फोटोच काढले, आणि चांगले काढले. पण माझ्या फोटोकडं बघून कुणी कधी "वा" म्हटलं नाही. म्हटलं असतं तर पेशंटच्या पोटात गोळा आला असता. डॉक्टर तो खिडकीकडं धरायचे, भुवया आक्रसायचे आणि खाकी पाकिटात सारायचे. मग ते पाकीट जायचं गादीखाली. इतक्या माणसांच्या बरगड्या, गुडघे आणि मणके मी टिपले, त्यातला एकही कुणी भिंतीला लावला नाही. तू हसशील, पण मला ते लागायचं. आणि आता, ह्या वयात, माझा एक फोटो भिंतीवर लागायची वेळ आली आहे. आमच्या मंडळाचं प्रदर्शन पुढच्या रविवारी उघडणार आहे. त्यात माझा फोटो निवडला आहे, चौकटीसकट, खाली माझं पूर्ण नाव. अडचण एकच. त्या फोटोत एक गृहस्थ आले आहेत आणि त्यांची सही लागते. ती मिळाली नाही तर माझ्या खिळ्यावर सांडूंची कबुतरं लटकतील. हे सगळं क्रमानं सांगते, म्हणजे कबुतरांविषयी मला इतकं वाईट का वाटतं ते तुझ्या लक्षात येईल.

मंडळ म्हणजे शनिवारी सकाळी जुन्या शहरात फिरून फोटो काढणारी चार माणसं. पूर्वी जास्त होती. मुख्य आहेत तात्यासाहेब, पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनियर. त्यांच्या कॅमेऱ्याचं भिंग दुधाच्या किटलीएवढं आहे आणि ते समोरच्या प्रत्येक गोष्टीचे, फोटोग्राफीचा नियम म्हणून, आधी मनातल्या मनात तीन समान भाग करतात. (समोसा आला तरी.) दुसरे सांडू, विम्याचे एजंट, जे फक्त कबुतरं टिपतात. शहागंजच्या घड्याळाची कबुतरं, मकबऱ्याची कबुतरं, बिबट्या दिसला तरी हे त्याच्यामागचं कबुतर काढतील. तिसरी गौहर, बेगमपुऱ्यात तिचं शिवणकामाचं दुकान आहे आणि तिची नजर तिच्या कात्रीसारखीच आहे. मला ती आपा म्हणते आणि त्याच दमात मला काहीही बोलते.

फिरून झालं की शहागंजातल्या एका हॉटेलात बसायचं आणि मागच्या शनिवारच्या फोटोंच्या छोट्या प्रती टेबलावर मांडायच्या. आमच्याकडं बोलून अभिप्राय द्यायची रीत नाही, कारण तोंड उघडलं की माणसं एक तर खोटी स्तुती करतात किंवा भांडतात. (भांडणं माझ्यामुळं सुरू झाली असं तात्यासाहेब म्हणतात. हे साफ खोटं आहे. मी यायच्या आधी ते भांडत नव्हते, एवढंच खरं आहे.) त्याऐवजी फोटोत जे नको वाटतं त्यावर ज्यानं त्यानं आपला तळहात ठेवायचा. सगळ्यांचे हात ठेवून झाले की मध्ये जे उघडं राहतं तो खरा फोटो. बाकीचं कापून टाकायचं. पहिल्या खेपेला मी पैठण गेट मांडलं. तात्यासाहेबांनी आभाळावर हात ठेवला. गौहरनं रस्ता झाकला. सांडूंनी डावी बाजू झाकली, आणि उजवीकडं जागा शिल्लक दिसली म्हणून दुसराही हात ठेवला. शतकानुशतकं उभं असलेलं गेट ह्या तिघांनी चहा यायच्या आत जमीनदोस्त केलं. मी विचारलं, आता माझं काय उरलं? सांडू म्हणाले, "मॅडम, लई सरळ आलंय. पंचनाम्याला चालंल."

सिस्टर बर्नडेट असत्या तर त्यांनी मला हसून धन्यवाद म्हणायला लावलं असतं. मी पुढच्या वेळी सांडूंचं कबुतर आल्या आल्या दोन्ही तळव्यांनी झाकलं आणि उचललेच नाहीत. ते बिचारे चहा संपेपर्यंत वाट बघत बसले. पण घरी येऊन मी माझे फोटो पुन्हा पाहिले तेव्हा मनातल्या मनात कबूल केलं की त्यांचे हात चुकीच्या जागी पडले नव्हते. माझे सगळे फोटो समोरून, सरळ, मधोमध. आणि माणसं? माणसं भिंतीला पाठ लावून, छाती पुढं, डोळे वटारून उभी. गौहरनं एकदा ते ओळीनं मांडले आणि म्हणाली, "आपा, सच बोलो, ये लोगां फोटो खिंचवारे की दवाखाने में भरती होरे?"

आता ह्यात माझा दोष काय? हातात कॅमेरा आला की माझी जीभ दवाखान्यात जाते. समोर माणूस उभा राहिला की मी आधी नाव विचारते, मग वय, मग "सरळ उभे राहा, हनुवटी वर, श्वास घ्या, रोखा." औरंगपुऱ्याच्या भाजीबाजारात तर कहर झाला. साळूबाई नावाची एक भाजीवाली गवारीच्या ढिगामागं अशी काही बसली होती की राणीनं दरबार भरवावा. गळ्यात ठसठशीत बोरमाळ, कानांत बुगड्या. मी गेले, प्रेमानं चौकशी केली, कॅमेरा डोळ्याला लावला आणि नेहमीच्या सवयीनं म्हणाले, "बाई, अंगावरचे दागिने काढून ह्या रुमालात ठेवा."

नाना, भर बाजारात अनोळखी बाईला हे वाक्य कोण म्हणतं ते तुला ठाऊक आहे. वर्तमानपत्रात ते दर आठवड्याला येतं. साळूबाई गवारीवरून उडी मारून उठली आणि तिनं जी बोंब ठोकली ती थेट गुलमंडीपर्यंत पोचली असेल. "आवं धावा! दागिनेवाली टोळी आली! बघा कशी चष्मा लावून आलीय, मास्तरीण दिसतीय मेली!" माझ्याभोवती गर्दी. कुणी माझी पिशवी धरली, कुणी पदर. मी माझ्या उत्तम इंग्रजीत निषेध नोंदवला, त्यानं संशय वाढला. तात्यासाहेब कुठं होते म्हणशील, तर ते लांबून ह्या गर्दीचे तीन भाग करत होते. शेवटी गौहर कोपरांनी वाट काढत आत घुसली आणि माझ्यासमोर उभी राहून ओरडली, "अरे चोरनी नै ये! एक्स-रे वाली बाई है! इसकू हड्डियां दिखते, जेवर दिखतेच नै!" मग तिनंच साळूबाईला समजावलं, पाणी पाजलं. साळूबाई शांत झाल्यावर मला वरून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "मग आदी सांगायचं नाय व्हय? माझा गुडघा बगा की जरा." गुडघा बघितला. गवार घेतली. ती निबर निघाली, पण आभाराच्या पत्रात मी ते लिहीत नाही.

आता त्या फोटोकडं येते. तुला आठवत असेल, ज्या शनिवारी तू डोळे तपासून घ्यायला शहरात आला होतास, त्याच शनिवारची गोष्ट. तू नंतर फोनवर म्हणालास की एकटाच आलो होतो, वहिनी गुडघ्यांमुळं आल्या नव्हत्या, आणि डॉक्टरांकडून निघून थेट बस धरली, म्हणून माझ्याकडं यायला जमलं नाही. त्या सकाळी आम्ही गुलमंडीत होतो. तिथं पितळी भांड्यांच्या दुकानात कारभारीअण्णा बसतात, समया आणि घंगाळांच्या मधोमध, स्वतःही तितकेच चकचकीत. मी त्यांना दुकानासमोर उभं केलं. ह्या वेळी दागिन्यांचं नाव काढलं नाही. (त्यांच्या बोटात तीन अंगठ्या होत्या आणि माझी जीभ वळवळत होती, पण मी आवरलं.) "श्वास घ्या," मी म्हणाले, "रोखा," म्हणाले. फोटो काढला. तेवढ्यात मागून सायकल आली, मी बाजूला झाले, सायकलवाल्याला दोन शब्द सुनावले, त्यानं चार सुनावले, त्यावर मी आणखी काही बोलले. आणि "सोडा" म्हणायचं राहून गेलं. वळून बघते तर अण्णा तसेच, हनुवटी वर, चेहरा वांग्याच्या रंगाचा, आणि त्यांचा नोकर त्यांना परातीनं वारा घालतोय. मी किंचाळले, "सोडा! सोडा!" अण्णांनी श्वास सोडला तेव्हा पुढच्या समयीची वात हलली, असं सांडू सांगत फिरतात. शुद्धीवर येऊन अण्णा काय म्हणाले असतील? "बाई, पुन्हा काढायचा का? आता जमंल." अशा माणसांच्या जिवावर आमची कला उभी आहे.

पुढच्या शनिवारी तो फोटो टेबलावर आला. मला वाटलं, अण्णा तरी राहतील. तात्यासाहेबांनी थेट अण्णांवरच हात ठेवला. गौहरनं समया झाकल्या. मी जागेवरून उठायच्या बेतात होते, कॅमेरा तुला रजिस्टर टपालानं परत पाठवायचा असं मनात ठरलंही होतं, तेवढ्यात गौहर एकदम म्हणाली, "रुको. ये कौन है?"

सगळ्यांच्या हातांच्या मध्ये, उजवीकडच्या कोपऱ्यात, एक तुकडा उघडा राहिला होता. अण्णांच्या दुकानाच्या कडेनं गल्ली जाते, तिच्या पलीकडं इमरती तळणाऱ्या हलवायाचं दुकान आहे, ते मला फोटो काढताना दिसलंही नव्हतं. त्या दुकानाच्या खांबाशी एक वयस्क गृहस्थ उभे होते, काखेत छत्री. डोळे मिटलेले. एक गाल फुगलेला. मान जराशी मागं. हनुवटीवर पाकाचा एक थेंब, आणि तो पुसायची त्यांना काडीचीही घाई नाही. आधी सांडू हसले, मग आम्ही सगळेच. तात्यासाहेबांनी तीन भाग करायला बोट उचललं आणि खाली ठेवलं. मग गौहर हळूच म्हणाली, "आपा, तुमारे इत्ते फोटुआं देखी मैं. सब सांस रोक के खड़े. ये एकच बंदा सांस लेरा."

नाना, इतक्या महिन्यांत मला कुणी इतकं खरं बोललं नव्हतं. आणि ते खरं असून मला राग आला नाही, हीही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. मी जन्मभर माणसांना श्वास रोखायला सांगितला. फोटो काढायचा तर समोरचा माणूस थांबलाच पाहिजे, हलला की वाया, हेच मला माहीत. ज्याला मी काहीच सांगितलं नव्हतं तो एकटाच जिवंत आला. मी घरी येऊन तो तुकडा मोठा करून आणला आणि कपाटाला टेकवून कितीतरी वेळ बघत बसले. लहानपणी आई ऊस सोलून द्यायची आणि पहिलं कांडं तोंडात घातल्यावर एका मुलाचा चेहरा जसा व्हायचा, तसाच तो चेहरा आहे. त्या गृहस्थांचं नाव मी इथं लिहीत नाही. पत्र कोण वाचतंय ते मला ठाऊक आहे.

आता सहीचं. मागच्या वर्षी प्रदर्शनात दुकानाच्या गादीवर घोरणाऱ्या एका व्यापाऱ्याचा फोटो लागला होता. तो व्यापारी सहकुटुंब प्रदर्शन बघायला आला. पुढचं विचारू नकोस. तेव्हापासून नियम झाला की चेहरा ओळखू येत असेल तर त्या माणसानं फोटोच्या पाठीमागं सही द्यायची, नाही तर फोटो लागणार नाही. तात्यासाहेब म्हणाले, "आवडाबाई, ह्या गृहस्थांना आता शोधणार कुठं?" मी म्हणाले, बघते, तोंडओळख आहे.

हे गृहस्थ सही देतील की नाही ह्याची मला काळजी वाटते, आणि त्यांची बाजू मला समजते. समजा, त्यांना गोड वर्ज्य असेल. समजा, त्यांच्या घरातून साखरेचा डबा हद्दपार झाला असेल आणि आल्यागेल्यालाही बिनसाखरेचा चहा मिळत असेल. (मी असं एक घर ओळखते. तिथं मला दिवाळीत शिरा म्हणून जे वाढलं होतं तो मीठ घालायचं विसरलेला उपमा होता.) समजा, त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन रक्तातली साखर वाढल्यामुळं पुढं ढकललं गेलं असेल, आणि ती साखर आली कुठून ह्याचा शोध घेताना घरच्या मंडळींनी त्यांच्या निरपराध धाकट्या बहिणीनं दिलेल्या तिळाच्या लाडवांवर ठपका ठेवला असेल. तिला फोनवर सुनावलं असेल की, "तुमच्या डब्यानं घात केला." ती बहीण कॉन्व्हेंटात शिकलेली असल्यामुळं गप्प बसली असेल. अशा वेळी भिंतीवर लागलेला हा फोटो त्या बहिणीला किती मोलाचा वाटेल, हे मी सांगायला नको. पण नाना, तुला शपथेवर सांगते, मला तो त्यासाठी नको आहे. मला तो हवा आहे कारण मी काढलेला हा एकच फोटो बघून टेबलावरची चारही माणसं हसली, आणि हसताना त्यांना त्या गृहस्थांविषयी माया वाटली. मलाही वाटली. असा फोटो गादीखाली जाऊ नये.

तरीही त्यांची इच्छा नसेल तर मी तो लावणार नाही. कबुतरं लागू देत. माझी नजर उघडली ती उघडली, आणि ती तुझ्या कॅमेऱ्यानं उघडली. ह्याबद्दल मी तुझी जन्माची ऋणी आहे. सिस्टर बर्नडेटच्या नियमाप्रमाणं इथं पूर्णविराम.

थेंब चुकवू नकोस. चष्मा काढून उन्हात बघू नकोस. यात्रेच्या गर्दीत जाऊ नकोस.

तुझी कृतज्ञ बहीण,
आवडा

ता. क. नाना, तू एव्हाना ओट्यावरून आत जाऊन झोपेचं सोंग घेतलं असशील, म्हणून स्पष्टच लिहिते. तो गृहस्थ तूच. छत्रीच्या मुठीला लाल दोरा बांधणारा दुसरा माणूस साऱ्या मराठवाड्यात नाही. फोटो ह्याच पाकिटात पुठ्ठ्याच्या घडीत ठेवला आहे. पाठीमागं सही कर आणि लगेच टपालात टाक. वहिनी ओरडतील तेव्हा काळा चष्मा लावून ठेव, आजारी माणसाला फार बोलता येत नाही.

पुन्हा ता. क. वहिनी, वाचता वाचता थांबू नका, आता तुमच्यासाठी लिहिते. पुठ्ठा उघडा आणि फोटो उजेडाला धरा. नानाच्या बाजूला खांबाआडून एक हात आला आहे, दिसला? हिरव्या बांगड्या, हातात द्रोण. टेबलावर सांडूंनी नेमका त्यावरच तळवा ठेवला होता आणि कापायची खूण करायला पेन्सिल काढली होती. मी त्यांचा हात उचलून बाजूला केला आणि सांगितलं, हे राहू द्या. चेहरा दिसत नाही, तेव्हा नियमानं त्या हाताची सही लागत नाही. पण तुम्ही पैठणच्या घाटावर घसरलात तेव्हा तुमच्या मनगटाचा एक्स-रे मीच काढला होता. (हाताच्या एक्स-रेला श्वास रोखावा लागत नाही. तरी तुम्ही रोखला होता.) ते हाड जुळलं तेव्हा अंगठ्याच्या बाजूला जराशी वाकण राहिली, ती बांगड्यांनी झाकली जात नाही. तुमचं मनगट मी आतून पाहिलं आहे वहिनी, बाहेरून ओळखायला मला कितीसा वेळ लागणार? आणि द्रोणात अर्धी इमरती आहे. दुसरी अर्धी नानाच्या गालात. मोडलेली दोन टोकं एकमेकांना जुळतात का, हे बघण्यात माझी नोकरी गेली. ही दोन जुळतात.

तर मला तिळाच्या लाडवांबद्दल काही म्हणायचं नाही. तुमचे गुडघे गुलमंडीपर्यंत चालले, ह्याचाच आनंद आहे. तुम्ही आपली अर्धी तोडून त्याला दिलीत, हे मी त्या फोटोत कितीदा बघितलं ते सांगत नाही, नाही तर माझ्या स्वभावाविषयी गैरसमज होईल. आता डॉक्टर सांगतील तसं वागा दोघंही, आणि पुन्हा कधी मोह आवरला नाही तर एका इमरतीचे तीन भाग करा. तात्यासाहेब समान करून देतील. तिसरा माझा.

शेवटचं. सही मला दोघांचीही हवी आहे, एकाखाली एक. येत्या भाऊबीजेला माझ्या चहात साखर घाला. आणि सही करताना हलू नका, पण श्वास घेत राहा.